कंदिलाची मागची बाजू

दिवाळी सरली की तिसऱ्या दिवशी
कोपरखैरण्याच्या नाक्यावर कंदील निम्म्या भावाला येतात.
पाचव्या दिवशी दुकानदार आपणहून हाक मारतो.
मी आठव्या दिवशी गेले.
चाळीस रुपयांना चांदणी, पिवळी, पाच टोकांची,
एका अंगाला सोनेरी अक्षरांत 'शुभ दीपावली'.
म्हटलं, ती बाजू भिंतीकडे करू.

रबाळ्याचा कारखाना ऑगस्टपासून बंद.
तरी एलिया रोज दाढी करून निघतो.
कुठे, ते मी विचारत नाही.
दुपारी परततो तेव्हा चपलांवर
कधी महाप्याची धूळ असते,
कधी तुर्भ्याच्या बाजारातली मिरची,
आणि त्याने काही सांगायच्या आत
मीच शिंकते.

यंदा करंज्या एकवीस.
सारणात खोबरं बक्कळ, काजू नावाला,
बेदाणा दर करंजीत एक.
एकीत चुकून दोन पडले.
ती कुठली, हे मला ठाऊक आहे. सांगणार नाही.

रिबकाचा फ्रॉक मागच्याच नाताळचा,
दुमड उसवून चार बोटं खाली सोडलेला.
जिथे घडी होती तिथे निळा रंग
अजून दुकानातल्यासारखा राहिलाय,
घेरभर एक गडद पट्टी.
ती मैत्रिणींना सांगते, बॉर्डर आहे.

गव्हाणी मिक्सरच्या खोक्याची,
गवत सिडकोच्या रिकाम्या प्लॉटवरचं.
मेंढपाळ मात्र खोली बदलताना फुटला होता.
अमोस शेजारी गेला
आणि घाडग्यांच्या पोराच्या किल्ल्यावरचा
मावळा घेऊन आला:
लाल पागोटं, हातात भाला, एक मिशी उडालेली.
"हा मेंढपाळ?"
"नाही. हा पहाऱ्याला."
एलियाने चष्मा कपाळावर सारला.
"बरोबर आहे. हेरोद बाळाच्या मागावर आहे,
कोणीतरी जागं हवंच,"
म्हणाला, आणि हसला.
ऑगस्टनंतर पहिल्यांदा.

गायनाच्या मंडळींना मी निरोप धाडला होता,
यंदा आमचं घर यादीतून गाळा.
पस्तीस माणसं. पस्तीस कप. साखर.
निरोप पोचला नाही,
की पोचूनही ओहोळगुरुजींनी कानाआड केला,
देव जाणे.
रात्री सव्वा वाजता जिन्यावर ढोलकी.

घरात दूध अर्धा लिटर.
घाडगेकाकूंचं दार उघडलं.
मला वाटलं, झोपमोडीचं बोलतील.
त्यांच्या हातात दुधाच्या दोन पिशव्या,
"उद्या आणून द्या हां," म्हणाल्या.
उद्या आणून द्या.
त्या तीन शब्दांनी मला
किती हलकं केलं, हे त्यांना कळलं नसेल,
की कळूनच म्हणाल्या असतील.

मग सुरी घेतली.
एकवीस दुणे बेचाळीस.
पस्तीस ते, चार आम्ही, तीन घाडगे.
टोपल्या भरून उरलं वगैरे काही नाही.
फक्त पुरलं.
गुरुजी अर्धी करंजी तळहातावर धरून
डोळे मिटून बराच वेळ उभे राहिले,
चहा निवेपर्यंत.
दोन बेदाणे कुणाला लागले,
गडबडीत बघायचंच राहिलं.

शेवटचं गीत चालू असताना
खाडीकडून वारा आला.
चांदणी दोऱ्यावर हळूच वळली.
ढोलकीवाल्याने वाचलं, 'शुभ दीपावली',
त्याचा ठेका चुकला, सगळी गॅलरी हसली,
काकूंचा पोरगा टाळ्या पिटायला लागला,
आणि ती पुन्हा भिंतीकडे वळली, पुन्हा आमच्याकडे.

सकाळी एलिया दोरा आवळायला
स्टुलावर चढला.
म्हटलं, राहू दे.